गिटार बनवायचीय? मग आधी लाकूड तोला!

परदेशी लाकडाच्या किमती बघून इलेक्ट्रिक गिटार बनवायचा बेत गुंडाळून ठेवलाय? थांबा. नागपुरात मिळणाऱ्या लाकडातून चांगली बॉडी होऊ शकते. फक्त ते नावावरून नाही, वजन आणि वाळण यावरून निवडायचं.

शनिवारची संध्याकाळ. मिहानमधलं काम किंवा क्लास आटोपून तुम्ही खापरी मेट्रो स्टेशनकडे निघालाय. कानात हेडफोन, फोनवर घरी गिटार बनवायचा व्हिडिओ. व्हिडिओतला माणूस सांगतोय, बॉडी अल्डरची घ्या, नाहीतर स्वॅम्प ॲशची, फार तर महोगनीची. तुम्ही लगेच शोधता. बाहेरून मागवायच्या तुकड्याची किंमत दिसते, त्यावर पाठवणीचा खर्च दिसतो. मनातल्या मनात हिशेब होतो आणि फोन खिशात जातो. ‘जाऊ दे यार, नोकरी लागली की बघू.’

तेवढ्यात शेजारून एक ट्रक जातो. मशिनरी ज्यातून आली, त्या रिकाम्या लाकडी पेट्यांनी भरलेला. तुम्ही तिकडे बघतही नाही.

बघायला पाहिजे होतं. इलेक्ट्रिक गिटारसाठी कोणतं लाकूड चालतं, याचं अर्धं उत्तर त्या ट्रकमध्ये होतं.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवू

अकूस्टिक गिटार आणि इलेक्ट्रिक गिटार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अकूस्टिकमध्ये वरची पातळ फळी थरथरते, हवा हलवते आणि आपल्याला आवाज ऐकू येतो. तिथे लाकूड हाच स्पीकर असतो, म्हणून तिथे ते फार महत्त्वाचं. इलेक्ट्रिकचं तसं नाही. पिकअपमध्ये चुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे असतात. स्टीलची तार त्याच्यावर थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये वीज तयार होते आणि ती अॅम्प्लिफायरकडे जाते. पिकअप मुळात तार ऐकतो, लाकूड नाही.

जिम लिल नावाच्या अमेरिकन गिटारवादकाने हे टोकाला नेऊन पाहिलं. त्याने दोन जड टेबलांसारख्या वस्तूंमध्ये नुसत्या तारा ताणल्या. मध्ये बॉडी नाही, मान नाही, फक्त हवा. खाली पिकअप धरला. आवाज चक्क नेहमीच्या गिटारसारखा आला. त्याच्या व्हिडिओवरून वाद झाले, अजून होतात. लाकडाने तारेची थरथर किती वेळ टिकते यात थोडा फरक पडतो, असं अनेक कारागीर म्हणतात आणि त्यात तथ्यही आहे. पण पिकअप, त्याची तारेपासूनची उंची, तारा, अॅम्प आणि तुमची बोटं यांच्यापुढे तो फरक लहान आहे.

आणि मोठी नावं तरी कुठून आली? लिओ फेंडरने १९४९ मध्ये जो पहिला नमुना बनवला, त्याची बॉडी पाइनची होती. पुढे ॲश आणि १९५६ पासून अल्डर आलं, कारण ही लाकडं त्याला जवळपास, पुरेशी आणि परवडणाऱ्या भावात मिळत होती, कारखान्यात कापायला आणि रंगवायलाही सोपी होती. म्हणजे ज्याला आपण ‘टोनवुड’ म्हणून डोक्यावर घेतो, ते बऱ्याच अंशी त्यांच्या गावचं मिळणारं लाकूड होतं. मग आपण आपल्या गावचं का घेऊ नये?

फायरप्लेसची गिटार

घरच्या लाकडाची गिटार म्हटलं की क्वीन बँडच्या ब्रायन मेचं नाव येतंच. फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेला फारुख बुलसारा, ज्या बँडचा गायक होता, त्याच बँडचा हा गिटारवादक. १९६३ मध्ये ब्रायन सोळा वर्षांचा होता. दुकानातली गिटार परवडत नव्हती, म्हणून त्याने वडिलांच्या मदतीने स्वतःच बनवायला घेतली. मानेसाठी जुन्या फायरप्लेसच्या चौकटीतलं महोगनी वापरलं. त्याला किड्यांनी पाडलेली भोकं होती, ती काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. बॉडीसाठी जुन्या टेबलाचं ओक आणि ब्लॉकबोर्ड. ट्रेमोलोच्या स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या. सुमारे दोन वर्षं लागली. पुढे तीच गिटार त्याने क्वीनच्या अल्बमांवर वाजवली आणि २००२ मध्ये बकिंगहॅम पॅलेसच्या गच्चीवरही.

यातून ‘कोणतंही लाकूड चालतं’ असा अर्थ काढू नका. बाप-लेकांनी जे लाकूड घेतलं, ते वर्षानुवर्षं घरात राहिलेलं होतं. पुरतं वाळलेलं, जेवढं वाकायचं तेवढं वाकून झालेलं. खरी गोम तिथे आहे.

नागपूरचं ऊन हीच परीक्षा

गिटारच्या सहा तारा नेहमीच्या सुरात लावल्या की मिळून साधारण ४५ किलोची ओढ तयार होते. ही ओढ दिवसरात्र चालू असते. ब्रिजचे स्क्रू आणि मान जिथे बसते तो खाचा, हे दोन्ही बॉडीच्या लाकडानेच धरून ठेवायचे. आता नागपूरचा विचार करा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडीठाक, घरात कूलर धो धो. जुलैत तीच हवा ओलीचिंब. लाकूड कोरड्या हवेत आकसतं, ओल्या हवेत फुगतं. कच्चं, ओलसर लाकूड वापरलं तर पावसाळ्यात सुरेख दिसणारी बॉडी पुढच्या उन्हाळ्यात जोडावर उकलते, नाहीतर चिरते. तीन महिन्यांची मेहनत आणि जमवलेले पैसे एका उन्हाळ्यात जातात.

म्हणून पहिला प्रश्न ‘हे कोणतं लाकूड’ असा विचारू नका. ‘हे किती वाळलंय’ असा विचारा.

सुताराकडे किंवा लाकडाच्या दुकानात ओलावा मोजायचं छोटं मीटर असलं तर सोपं काम. ८ ते १२ टक्क्यांच्या आत आकडा आला की चालेल. मीटर नसेल तर घरचा उपाय आहे. फळी घरी आणा, दोन्ही कापलेल्या टोकांना मेण किंवा रंग लावा म्हणजे टोकं लवकर वाळून चिरणार नाहीत. खाली पट्ट्या ठेवून ती सावलीत, हवा खेळेल अशी आडवी ठेवा. दर रविवारी वजन करा आणि भिंतीवर लिहा. वजन उतरत असेल तोवर ती वाळतेय. लागोपाठ तीन-चार आठवडे काटा हलला नाही की समजा तयार आहे. नव्या कापलेल्या लाकडाला इंचभर जाडीमागे साधारण एक वर्ष, असा जुन्या कारागिरांचा अंदाज असतो. तेवढा धीर नसेल तर जुनं लाकूडच शोधा.

लकडगंजमध्ये जाताना वजनकाटा न्या

नागपुरात लाकूड म्हटलं की लकडगंज. नावातच लाकूड आहे. पण रिकाम्या हाताने जाऊ नका. सोबत मापाची टेप, बॅगेचं वजन करायचा हुकवाला छोटा काटा आणि मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर घ्या.

टेलिकास्टरसारख्या बॉडीला साधारण २० इंच लांब, १४ इंच रुंद आणि पावणेदोन इंच जाड तुकडा लागतो. म्हणजे पाव घनफुटापेक्षा थोडं जास्त. रंधा मारण्यात आणि कापण्यात जाणारं धरून एक तृतीयांश घनफूट मागा. चौदा इंच रुंद अखंड फळी सहसा मिळत नाही आणि लागतही नाही. दोन किंवा तीन फळ्या शेजारी शेजारी चिकटवून चालतं. कारखान्यातल्या कितीतरी गिटारी तशाच असतात.

‘काय बनवता जी, देव्हारा का?’ असं दुकानदाराने विचारलं तर खुशाल खरं सांगा. गिटार म्हटल्यावर बरेचदा दोन फळ्या जास्तच दाखवल्या जातात.

आता गणित. समजा फळी ६० सेंटिमीटर लांब, १८ रुंद आणि ५ जाड आहे. गुणाकार ५४०० घन सेंटिमीटर, म्हणजे ५.४ लिटर. वजन भरलं साडेतीन किलो. ३.५ भागिले ५.४, उत्तर सुमारे ०.६५. ही झाली घनता. कापून झालेल्या गिटार बॉडीचं आकारमान साधारण चार लिटर असतं. म्हणजे या लाकडाची बॉडी २.६ किलोची होईल. मान, ट्युनर, ब्रिज, पिकअप यांचे सुमारे १.४ किलो धरा. गिटार झाली चार किलोची.

खांद्याला पट्टा लावून दोन तास उभं राहून वाजवायचं असेल तर एकूण वजन तीन ते पावणेचार किलोच्या मध्ये असलेलं बरं. चार किलो चालतं, पण जाणवतं. फार हलकी बॉडीही त्रास देते, मानेचं टोक सारखं खाली झुकतं. म्हणून ०.४५ ते ०.६० या घनतेतलं लाकूड शोधा. या एका आकड्याने निम्मा बाजार आपोआप गाळला जातो.

आपल्याकडचे उमेदवार

*सागवान.* विदर्भाचा अभिमान. व्यापारी याला अजून ‘सीपी टीक’ म्हणतात, सेंट्रल प्रोव्हिन्सच्या जमान्यापासून. नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहून गेलं आणि २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी बल्लारपूरहून. ओलाव्याने फारसं हलत नाही, वाळवी गाभ्याला सहज लागत नाही, स्क्रू घट्ट धरतं. अडचण दोन. एक, घनता ०.६५ च्या आसपास, म्हणजे गिटार जड. यावर इलाज म्हणजे वरून झाकण बसवायचं आणि आतून पोकळ कप्पे कोरायचे, अर्धा किलो सहज उतरतं. फेंडरनेही १९६८ मध्ये वजन कमी करायला पोकळ टेलिकास्टर काढलीच होती. दोन, सागवानात तेल असतं. जोडायच्या कडा चिकटवण्याआधी थिनर किंवा अॅसिटोनने पुसून घ्या आणि लगेच डिंक लावा, नाहीतर जोड सुटतो. बाहेरदेशी लागवडीतलं सागवानही बाजारात येतं. ते अनेकदा फिकट आणि थोडं हलकं असतं. फर्निचरवाले त्याला नाकं मुरडतात, गिटारला मात्र ते सोयीचं.

*जुनं सागवान.* महाल-इतवारीत जुनी घरं पडतात, तेव्हा दारं, चौकटी, तुळया विकायला येतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड. याच्याइतकं भरवशाचं काही नाही. फक्त खिळे शोधायला चुंबक फिरवा. आरा मशीनवर एक खिळा पात्याला लागला की मशीनवाला पुन्हा उभं करत नाही.

*शिसम.* दिसायला देखणं, आपल्याकडे फर्निचरला लाडकं. पण घनता ०.८ च्या घरात. पूर्ण बॉडी केलीत तर गिटार साडेचार किलोच्या वर जाईल. शिसमच्या कुळातलं भारतीय रोझवुड जगभर गिटारच्या फिंगरबोर्डसाठी वापरलं जातं, तिथे ते शोभतं. बॉडीला नको.

*तून.* सतारीचं लाकूड. मिरजेचे कारागीर दीडशेहून जास्त वर्षं सतार-तंबोरे घडवताहेत. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या वाद्यांच्या लाकडी भागाला तून वापरतात. हलकं, लालसर, कोरायला मऊ. महोगनीच्याच कुळातलं आहे. व्हिडिओतल्या महोगनीला देशी भाऊ हवा असेल तर हाच. नागपुरात सहज दिसलं नाही तर विचारून ठेवा.

*शिवण.* मिहानला लागून शिवणगाव आहे, रोज पाटी वाचत असाल. गावाचं नाव कशावरूनही पडलं असो, शिवण नावाचं झाड आपल्या जंगलांत आणि शेताच्या बांधावर खरोखर असतं. लाकूड फिकट, घनता ०.४८ च्या आसपास, वाळल्यावर फारसं वाकत नाही आणि ढोल-वाद्यांसाठी पूर्वीपासून वापरात. शिवणची बॉडी दोन किलोच्या आत बसते. फर्निचरच्या दुकानात याला मान नाही, म्हणून कुणी सुचवत नाही. गिटारच्या दृष्टीने मात्र यादीत सगळ्यात वर ठेवावं असं.

*आंबा.* पेट्या-फळ्यांत सर्रास सापडतो, स्वस्त असतो. पण भुंगा लवकर लागतो. बारीक भोकं आणि पीठ दिसलं तर हात लावू नका.

आणि तो ट्रक?

आता सुरुवातीच्या पेट्यांकडे येऊ. परदेशातून मशिनरी येते, तिच्या पेट्या आणि पॅलेट बहुतेक पाइन किंवा तत्सम लाकडाचे असतात. लाकडातून कीड देशोदेशी जाऊ नये म्हणून त्यावर आंतरराष्ट्रीय नियमाने प्रक्रिया करावी लागते आणि तसा छाप मारावा लागतो. गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचं अक्षरी नाव आणि पुढे दोन अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे उष्णता देऊन कीड मारलेली, लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश, ३० मिनिटं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. एचटी घ्या, एमबी सोडा. छापच नसेल, रसायनाचा वास किंवा तेलाचे डाग असतील तरी सोडा. आणि लक्षात ठेवा, एचटी म्हणजे कीडमुक्त, वाळलेलं असेलच असं नाही. वजनाची रविवारची परीक्षा इथेही द्यायची.

पॅलेटच्या फळ्या पातळ असतात, साधारण दोन सेंटिमीटरच्या. तीन थर एकावर एक चिकटवले की जाडी जमते. सेझच्या गेटमधून कुठलीही वस्तू बाहेर काढायला कागदपत्रं लागतात, त्यामुळे ‘आतल्या मित्राकडून’ उचलून आणायच्या भानगडीत पडू नका. जुन्या पॅकिंगचं लाकूड विकणारे भंगारवाले बाहेर असतात, त्यांच्याकडून रीतसर घ्या. १९९५ मध्ये बॉब टेलर या प्रसिद्ध गिटारकाराने टाकून दिलेल्या पॅलेटच्या ओकची अकूस्टिक गिटार करून दाखवली होती. लाकडापेक्षा हात महत्त्वाचा, हे त्याला सिद्ध करायचं होतं.

पावती मागायला लाजू नका

हा मुद्दा सल्ला म्हणून नाही, जबाबदारी म्हणून. सागवान स्वतःच्या शेतातलं असलं तरी तोडायला परवानगी लागते, वाहतुकीलाही परवाना. ‘पावतीशिवाय स्वस्तात देतो’ असं कुणी म्हणालं तर ते झाड कुठून आलं असेल, याचा विचार करा. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं एक झाड उभं राहायला कित्येक दशकं लागतात. आपल्याला त्यातलं पाव घनफूट हवंय. ते चोरीचं असू नये.

पैसे कुठे घालायचे?

लाकडावर वाचलेले पैसे मान, ट्युनर आणि ब्रिजवर घाला. गिटार सुरात राहते ती यांच्यामुळे. पहिल्या खेपेला मान तयारच घ्या. फ्रेट बसवणं हे वेगळं कसब आहे. मान हातात आल्यावर तिच्या मापाने बॉडीत खाचा काढा, आधी काढून ठेवू नका. राउटर ओळखीच्या सुतारकाकांकडे असतो, पण पहिला खाचा टाकाऊ तुकड्यावर करून बघा. सागवान आणि शिसमच्या भुशाने अनेकांना खाज, शिंका येतात, मास्क लावा. पॉलिश कोणतंही करा, स्पिरिट पॉलिश किंवा पीयू, पण पुढून-मागून सारखंच करा. एकाच बाजूला केलंत तर दुसरी बाजू हवेतला ओलावा जास्त घेते आणि फळी वाकते.

जाण्याआधी हे तपासा

• फळीची घनता काढली का? ०.४५ ते ०.६० असेल तर उत्तम.
• वजन तीन-चार आठवडे स्थिर आहे का?
• बोटाच्या गाठीने ठोकल्यावर खणखणीत वाजते की बद्द? बद्द वाजली तर आत चीर असू शकते.
• मान आणि ब्रिज बसणार त्या जागी गाठ नाही ना?
• चुंबक फिरवला का?
• पावती घेतली का?

पुढच्या शनिवारी खापरीकडे जाताना तोच व्हिडिओ पुन्हा लावा. माणूस अल्डर म्हणेल तेव्हा हसा आणि व्हिडिओ थांबवून आजूबाजूला बघा. मग रविवारी सकाळी काटा आणि टेप घेऊन लकडगंज गाठा. पहिली फळी घरी आणून भिंतीवर पहिलं वजन लिहिलं की गिटार सुरू झाली समजा. दिवाळीपर्यंत ती वाजायला लागेल. खरी परीक्षा मात्र पुढच्या मे महिन्यात. तेव्हाही ती सुरात असेल, तर लाकूड बरोबर निवडलंत.